नऊ विजय, तीन पराभव आणि बडतर्फी: नेब्रास्काच्या फुटबॉल प्रशिक्षकांचे प्रकरण

२८ नोव्हेंबर २००३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कोलोरॅडो विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर ३१-२२ असे हरवले. संघाचा त्या हंगामातला हा नववा विजय होता आणि पराभव तीनच झाले होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, विद्यापीठाचे क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना पदावरून दूर केले. सोलिच यांच्या नावावर सहा हंगामांत ५८ विजय आणि १९ पराभव जमा होते. त्या दिवशी नेब्रास्कातल्या लिंकन आणि ओमाहा या शहरांत सुरू झालेला वाद वीस वर्षे उलटून गेली तरी मिटलेला नाही. अमेरिकेतल्या कोणत्याही कॉलेजात, बऱ्यापैकी जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला काढावे का, असा प्रश्न निघाला की कोणीतरी नेब्रास्काचा दाखला हमखास देतो.

हा दाखला बहुधा अर्धवट दिला जातो. ‘चांगल्या माणसाला काढले आणि संघाचे वाटोळे झाले’ एवढेच त्यातून सांगितले जाते. संपूर्ण प्रकरण पाहिले तर गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. माझे मत असे झाले आहे की प्रशिक्षकाला काढणे आणि नवा प्रशिक्षक नेमणे हे दोन स्वतंत्र निर्णय असून नेब्रास्काने ते पुन्हा पुन्हा एकच मानून घेतले. चाहत्यांची भांडणे पहिल्या निर्णयावर होत राहिली आणि खरे नुकसान दुसऱ्या निर्णयात होत राहिले.

पार्श्वभूमी

मराठी वाचकासाठी आधी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेजच्या संघाला नियमित हंगामात जेमतेम बारा सामने मिळतात आणि त्यात बरी कामगिरी केली तर वर्षअखेरीस ‘बोल’ नावाचा एक जादा सामना खेळायला मिळतो. बारा सामने ही फार छोटी संख्या आहे. दोन सामन्यांत चेंडू वेगळ्या बाजूला उसळला तर नऊ विजयांचे सात होतात किंवा अकरा होतात, आणि तेवढ्यावर एका माणसाची नोकरी, त्याच्या हाताखालच्या सहायकांच्या नोकऱ्या आणि विद्यापीठाचे लाखो डॉलर अवलंबून असतात. सगळ्या वादाच्या मुळाशी हीच अडचण आहे.

नेब्रास्का हे जेमतेम वीस लाख वस्तीचे, मका आणि गुरे पिकवणारे राज्य आहे. तिथे व्यावसायिक फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉलच्या सर्वोच्च लीगमधला एकही संघ नाही. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधला, प्रेक्षकांना खुला असलेला प्रत्येक सामना नोव्हेंबर १९६२ पासून हाऊसफुल्ल ठरलेला आहे. सामन्याच्या शनिवारी ऐंशी हजारांहून अधिक माणसे लाल कपड्यांत तिथे जमतात आणि तेवढ्या काही तासांपुरते ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर होते. स्टेडियमच्या दारांवर कोरलेले आहे की या दारांतून कॉलेज फुटबॉलमधले सर्वोत्तम चाहते आत जातात. पाहुणा संघ जिंकून बाहेर पडत असला तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवण्याची तिथली रीत आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे आणि या चाहत्यांना केवळ उतावीळ जमाव म्हणून मोडीत काढणे मला कधीच पटले नाही.

या लोकांच्या अपेक्षा दोन माणसांनी घडवल्या होत्या. बॉब डेव्हनी १९६२ मध्ये आले आणि त्यांनी १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्यानंतर १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे टॉम ऑस्बॉर्न होते. त्यांच्या नावावर २५५ विजय, ४९ पराभव आणि ३ बरोबरी आहेत, एकाही हंगामात त्यांचा संघ नऊपेक्षा कमी सामने जिंकला नाही, आणि १९९४, १९९५ व १९९७ या वर्षांत त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. म्हणजे १९९७ साली पस्तिशीत असलेल्या नेब्रास्कावासीयाने आपला संघ घसरलेला उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता.

ऑस्बॉर्न यांनी निवृत्त होताना आपल्या जागी सोलिच यांना बसवले. सोलिच स्वतः साठच्या दशकात डेव्हनींच्या संघातून फुलबॅक म्हणून खेळले होते आणि पुढे जवळपास वीस वर्षे ऑस्बॉर्न यांचे सहायक होते. घरचाच माणूस, घरचीच पद्धत.

त्या पद्धतीबद्दल सांगणे भाग आहे, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. मी लिंकनमध्ये नोकरीला असताना माझ्या कार्यालयात एक वयस्क सहकारी होते. त्यांच्या घरात हंगामाची तिकिटे वडिलांच्या काळापासून चालत आली होती. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांनी मीठदाणी, मिरपुडीची डबी आणि केचपची बाटली टेबलावर मांडून मला ‘ऑप्शन’ समजावून दिला होता. मीठदाणी म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू घेऊन ओळीच्या कडेने धावत सुटतो. मिरपुडी त्याच्या पोटाजवळून सरळ आत घुसते आणि केचप त्याच्या बाहेरच्या बाजूने चार पावले मागून पळत असतो. समोरचा बचावपटू मिरपुडीवर गेला तर मीठदाणीने चेंडू स्वतःकडे ठेवायचा. तो मीठदाणीवर आला तर चेंडू बाजूला केचपकडे टाकायचा. निर्णय धावता धावता, डोळ्यांसमोरच्या एका माणसाची पावले बघून घ्यायचा. “यासाठी फार वेगवान मुले लागत नाहीत,” असे सांगून ते पुढे म्हणाले, “एकच गोष्ट हजार वेळा करायला तयार असलेली मुले लागतात, आणि ती आमच्याकडे शेतांवर वाढतात.” त्या वाक्यात नेब्रास्काच्या यशाचे निम्मे स्पष्टीकरण आहे. शिष्यवृत्तीविना संघात दाखल होऊन चार-पाच वर्षे घाम गाळणाऱ्या स्थानिक मुलांची मोठी फळी ही या संघाची खरी ताकद होती. शिवाय १९६९ मध्ये बॉइड एपली यांना नेमून कॉलेजांत पूर्णवेळ ताकद-प्रशिक्षक ठेवण्याचा पायंडाही इथेच पडला होता.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

सोलिच यांच्या काळाचा आलेख पहिल्या चार वर्षांत उत्तम होता. १९९९ मध्ये बारा विजय, एक पराभव आणि बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, विजेतेपद. २००१ मध्ये संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि क्वार्टरबॅक एरिक क्राउच यांना देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटी मात्र दोन तडाखे बसले. कोलोरॅडोने ६२-३६ असे हरवले आणि अंतिम सामन्यात मायामीने ३७-१४ अशी धूळ चारली. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, सात विजय आणि सात पराभव झाले. सलग चाळीस हंगाम पराभवांपेक्षा विजय जास्त ठेवण्याची मालिका तिथे तुटली आणि १९८१ पासून देशाच्या पहिल्या पंचवीस संघांच्या यादीत ठाण मांडून बसलेले नाव यादीबाहेर गेले.

बदल हवा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद येथून सुरू होतो आणि तो पोकळ नव्हता. ते म्हणत होते की २००३ मधले नऊ विजय मोजू नका, ते कोणाविरुद्ध मिळाले ते पाहा. मिसूरीकडून ४१-२४, टेक्सासकडून ३१-७ आणि घरच्या मैदानावर कॅन्सास स्टेटकडून ३८-९ असे पराभव झाले होते. तगड्या संघासमोर उभे राहताच हा संघ कोसळत होता. ऑस्बॉर्न यांच्या काळातल्या सवलती संपल्या होत्या. शिष्यवृत्त्यांची मर्यादा १९९४ पर्यंत ८५ वर आली होती, त्यामुळे मोठ्या संघांना शंभर-शंभर खेळाडू साठवून ठेवता येत नव्हते आणि शिष्यवृत्तीविना येणाऱ्या मुलांनाही दुसरीकडे जागा मिळू लागल्या होत्या. वजने उचलण्याच्या व्यायामशाळा आता सगळ्यांकडे होत्या. शैक्षणिक निकष अंशतः पूर्ण करणाऱ्या खेळाडूंना घेण्याची मुभा बिग ट्वेल्व्हने आवळली होती. टेक्सास आणि ओक्लाहोमा पुढे निघून जात होते आणि पेडरसन यांनी जाहीरपणे सांगितले की हा संघ सुमारपणाकडे घसरू देण्यास आणि कॉन्फरन्स त्या दोघांच्या हवाली करण्यास ते तयार नाहीत.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे होते की सोलिच यांनी दुखणे ओळखले होते आणि उपचारही सुरू केला होता. २००२ नंतर त्यांनी स्वतःचे जुने सहायक बदलले होते. बचावाची जबाबदारी त्यांनी बो पेलिनी या तरुण प्रशिक्षकाकडे दिली होती, आणि २००३ मध्ये तोच बचाव प्रतिस्पर्ध्यांकडून चेंडू हिसकावण्यात देशात अग्रभागी राहिला. सातावरून नऊवर आलेल्या माणसाला चढणीवर असतानाच खाली खेचणे त्यांना अन्यायाचे वाटत होते. शिवाय माणूस सभ्य, निष्ठावान, आयुष्यभर याच संघाचा. माझे सहकारी या बाजूचे होते. ५८ आणि १९ हे आकडे ते फोन नंबरासारखे सांगत.

मला दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट खटकते. दोघेही भांडत होते ते नऊ हा आकडा पुरेसा आहे की नाही यावर, म्हणजे ऑस्बॉर्न यांनी आखलेल्या रेषेवर. काढल्यावर येणार कोण, तो खेळणार कोणती पद्धत, आणि आत्ता संघात असलेली मुले त्या पद्धतीत बसतील का, हे प्रश्न त्या वेळी क्वचितच विचारले गेले.

चाळीस दिवसांचा शोध आणि त्याचे फळ

पेडरसन यांच्याकडे या प्रश्नांची तयार उत्तरे नव्हती, हे पुढच्या सहा आठवड्यांत उघड झाले. नव्या प्रशिक्षकाचा शोध जानेवारीपर्यंत लांबला. आर्कान्साचे ह्यूस्टन नट यांचे नाव पुढे आले आणि ते आपल्या जागीच राहिले. दरम्यान पेलिनी यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून अलामो बोलमध्ये मिशिगन स्टेटला १७-३ असे हरवले आणि प्रेक्षकांनी त्यांच्याच नावाचा घोष केला. त्यांना पद मिळाले नाही. ९ जानेवारी २००४ रोजी बिल कॅलहन यांची निवड झाली.

कॅलहन हे व्यावसायिक फुटबॉलमधून आलेले प्रशिक्षक होते. ओकलंड रेडर्सला त्यांनी जानेवारी २००३ मध्ये सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले होते, आणि त्यानंतरच्या हंगामात चार विजय व बारा पराभव होऊन त्यांची नोकरी गेली होती. ते ‘वेस्ट कोस्ट’ नावाची पासिंगवर, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेण्यावर, आधारलेली आक्रमणपद्धत घेऊन आले आणि नेब्रास्कात वर्षानुवर्षे चाललेला ऑप्शन एका हिवाळ्यात बंद झाला. मीठदाणी म्हणून निवडलेल्या, धावण्यासाठी घडवलेल्या मुलांना आता मागे उभे राहून अचूक चेंडू फेकायचा होता. २००४ मध्ये टेक्सास टेककडून ७०-१० असा पराभव झाला. हंगाम पाच विजय आणि सहा पराभवांवर संपला, १९६१ नंतर प्रथमच पराभव जास्त झाले, आणि १९६९ पासून सलग पस्तीस वर्षे बोल सामना खेळण्याची मालिका खंडित झाली.

कॅलहन यांना न्याय देऊन सांगायचे तर २००५ आणि २००६ मध्ये संघ सावरला होता, आणि २००६ मध्ये तो आपल्या विभागात पहिला आला होता. कॉलेजमध्ये नवी पद्धत रुजायला तीन-चार वर्षे लागतात. पण २००७ मध्ये बचाव पार ढासळला. १३ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर ओक्लाहोमा स्टेटने ४५-१४ असे हरवल्यानंतर दोनच दिवसांत पेडरसन यांना काढण्यात आले आणि सत्तरीतल्या टॉम ऑस्बॉर्न यांना क्रीडा संचालक म्हणून परत बोलावण्यात आले. नोव्हेंबरात कॅन्सासने या संघावर ७६ गुण चढवले. इतके गुण नेब्रास्काने तोवर कोणालाच दिले नव्हते. कॅलहन २७ विजय आणि २२ पराभव अशा नोंदीसह गेले. ज्या सुमारपणाची भीती २००३ मध्ये बोलून दाखवली गेली होती, तो चार वर्षांत हातात आला होता.

तीच चूक दुसऱ्यांदा

ऑस्बॉर्न यांनी आता पेलिनी यांनाच मुख्य प्रशिक्षक केले. सात हंगाम ते होते आणि प्रत्येक हंगामात त्यांनी नऊ किंवा दहा सामने जिंकले. पहिल्या सहा हंगामांतला प्रत्येक हंगाम अगदी चार पराभवांचा होता. ही विलक्षण एकसुरी नोंद आहे आणि चाहत्यांचा सारा वाद तिच्यातच सामावलेला आहे: ना धड खाली, ना धड वर. २००९ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात घड्याळावर एक सेकंद परत टाकला गेला, टेक्सासने किक मारली आणि १३-१२ असे विजेतेपद हातातून गेले. २०१२ मध्ये, संघाच्या नव्या, बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, विस्कॉन्सिनने ७०-३१ असे चिरडले. १९९९ नंतर नेब्रास्काने कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवलेले नाही.

येथे पद्धतीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. विस्कॉन्सिनला मोठे करणारे बॅरी अल्वारेझ हे स्वतः साठच्या दशकात डेव्हनींच्या हाताखाली नेब्रास्काचे लाइनबॅकर, म्हणजे बचावपटू, होते. समोरच्यांना रेटून वाट काढणारे दांडगे स्थानिक लाइनमन घडवायचे आणि चेंडू जमिनीवरून पुढे न्यायचा, हा जो विचार नेब्रास्काने टाकून दिला, त्याच्याच जोरावर विस्कॉन्सिन वर्षानुवर्षे उभे राहिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांच्या मेल्विन गॉर्डन यांनी नेब्रास्काविरुद्ध तीन चतुर्थांश सामन्यातच ४०८ यार्ड धावून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. तो सामना आम्ही काही जणांनी एका घरी एकत्र बसून पाहिला. तिसऱ्या चतुर्थांशात घरमालकाने आवाज बंद केला आणि चित्र मात्र चालू ठेवले. कोणी उठून गेले नाही.

पेलिनी यांच्या बाबतीत विजयांइतकाच स्वभावाचा प्रश्न होता. मैदानावरचा त्यांचा संताप सर्वांना माहीत होता. २०१३ मध्ये त्यांची दोन वर्षांपूर्वीची एक ध्वनिफीत बाहेर आली आणि तीत ते आपल्याच चाहत्यांना शिव्या देताना ऐकू येत होते. त्यांनी माफी मागितली, पण तडा गेला तो गेला. ३० नोव्हेंबर २०१४ रोजी, आयोवाला जादा वेळेत हरवल्यानंतर दोन दिवसांनी, क्रीडा संचालक शॉन आयकहॉर्स्ट यांनी त्यांना दूर केले. तेव्हा नऊ विजय आणि तीन पराभव झाले होते, म्हणजे सोलिच यांच्या शेवटच्या वर्षी होते तेवढेच. आयोवा त्या वेळी कुठे आहे याचा विचार आपल्याला करावा लागला, असे आयकहॉर्स्ट यांनी सांगितले. म्हणजे आयोवाला हरवणे ही मोठी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी त्याच आयोवाने नियमित हंगामातले बाराही सामने जिंकले, आणि २०१५ पासून २०२१ पर्यंत नेब्रास्काला ते दरवर्षी हरवत राहिले.

आयोवाचे उदाहरण या प्रकरणात महत्त्वाचे आहे. शेजारचे राज्य, तशीच शेती, तशीच तुटपुंजी स्थानिक गुणवत्ता. तिथे कर्क फेरेन्ट्झ १९९९ मध्ये आले, पहिल्या वर्षी एक विजय आणि दहा पराभव झाले, दुसऱ्या वर्षी तीन विजय आणि नऊ पराभव झाले. त्यांना ठेवले गेले आणि २००२ मध्ये त्यांनी अकरा सामने जिंकले. आयोवाचे चाहते त्यांच्या कंटाळवाण्या आक्रमणावर आजही चिडतात. पण तिथे पद्धत एकच राहिली आणि दरवर्षीची मुले तिच्यासाठीच निवडली गेली.

पेलिनी यांच्या जागी आलेल्या माइक रायली यांच्याबद्दल थोडक्यात सांगता येते. ते अत्यंत सौम्य, सर्वांना आवडणारे गृहस्थ होते. ओरेगन स्टेटमधला त्यांचा शेवटचा हंगाम पाच विजय आणि सात पराभवांचा होता. रागीट माणसाला कंटाळलेल्या संस्थेने शांत माणूस आणला, एवढाच त्या निवडीचा तर्क मला दिसतो. तीन वर्षांत १९ विजय आणि १९ पराभव झाले. २०१७ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयसारख्या लहान संघाने लिंकनमध्ये येऊन २१-१७ असे हरवले, त्याच आठवड्यात आयकहॉर्स्ट यांची गच्छंती झाली आणि हंगाम संपताच रायलीही गेले.

गावचा मुलगा

यानंतरची निवड अशी होती की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस मला लिंकनमध्ये भेटला नाही. स्कॉट फ्रॉस्ट हे नेब्रास्कातल्या वुड रिव्हर या छोट्या गावचे. १९९७ च्या विजेत्या संघाचे ते क्वार्टरबॅक होते. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ त्यांनी २०१७ मध्ये अपराजित ठेवला होता. डिसेंबर २०१७ मध्ये सात वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलरचा करार करून त्यांना घरी आणले गेले. इतकी वर्षे एकमेकांशी भांडणारे दोन्ही गट त्या दिवशी एकत्र झाले होते. सोलिच यांच्या बाजूच्यांना आपली परंपरा परत आल्यासारखे वाटले आणि बदल मागणाऱ्यांना आधुनिक, वेगवान आक्रमण मिळाले. मीही आनंदात होतो, हे नमूद केले पाहिजे.

निकाल सर्वांसमोर आहे. पहिल्या हंगामात सुरुवातीचे सहाच्या सहा सामने गेले. चार वर्षांत एकदाही विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत, तरी २०१९ च्या नोव्हेंबरात करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. २०२१ मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव झाले, पण नऊपैकी एकही पराभव नऊ गुणांपेक्षा मोठा नव्हता, आणि संपूर्ण हंगामात संघाने खाल्लेल्या गुणांपेक्षा केलेले गुण जास्त होते. या नोंदीवर चाहत्यांत पुन्हा तट पडले. एक गट म्हणे की हा संघ नुसता दुर्दैवी आहे, नशीब फिरेल. दुसरा गट म्हणे की एखाददुसरा सामना शेवटच्या मिनिटाला गेला तर दुर्दैव, पण दरवर्षी तेच घडत असेल तर ती घडणीतली उणीव. फ्रॉस्ट यांच्या काळात आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत ५ विजय आणि २२ पराभव झाले. छोट्या संख्येचा मुद्दा मी सुरुवातीला मांडला आहे आणि तो मला मान्यच आहे, तरी सत्तावीस सामन्यांत इतका कल एका बाजूला झुकला तर निव्वळ नशिबाचे स्पष्टीकरण अपुरे पडते.

२७ ऑगस्ट २०२२ चा डब्लिनमधला सामना या काळाचे चित्र जवळून दाखवतो. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध तिसऱ्या चतुर्थांशात नेब्रास्का २८-१७ असे पुढे होते. संघाने नुकतेच गुण केले होते आणि आता रीतीप्रमाणे चेंडू लांब टोलवून समोरच्यांकडे द्यायचा होता. फ्रॉस्ट यांनी आखूड किक मारून चेंडू स्वतःच परत मिळवण्याचा डाव टाकला. तो फसला. नॉर्थवेस्टर्नला मैदानाच्या मध्याजवळ चेंडू मिळाला, त्यांनी गुण केले आणि सामना ३१-२८ असा जिंकला. आघाडीवर असलेल्या माणसाने पिछाडीवर असल्यासारखा निर्णय घेतला होता. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये ४५-४२ असे हरवले. त्याआधी नेब्रास्काने घरच्या मैदानावर ३५ किंवा अधिक गुण केलेल्या २१४ सामन्यांपैकी एकही गमावला नव्हता. दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मोडल्याची भरपाई ७५ लाख डॉलर झाली असती. न थांबल्यामुळे ती दीड कोटी झाली. १६ विजय आणि ३१ पराभव.

प्रकरणाचे विश्लेषण

चारही नेमणुका एका ओळीत मांडल्या की एक आकृती दिसते. सोलिच जुन्या वळणाचे वाटले म्हणून व्यावसायिक फुटबॉलमधले कॅलहन आले. कॅलहन यांचा बचाव कोसळला आणि ते परके वाटले म्हणून बचावाचे जाणकार, आधी इथे काम केलेले पेलिनी आले. पेलिनी तापट म्हणून सौम्य रायली. रायली बाहेरचे आणि थंड म्हणून गावचा मुलगा फ्रॉस्ट. प्रत्येक नवा माणूस आधीच्या माणसाच्या दोषाचे उत्तर होता. नोकरीला माणूस घेताना असे वारंवार घडते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ताजे दुखणे तेवढे डोळ्यांसमोर असते. पण गेलेल्या माणसात जे नीट चालले होते ते टिकवायचे कसे, हा प्रश्न अशा निवडीत सुटून जातो. पेलिनी यांच्यासह नऊ विजयही गेले, आणि त्या नऊ विजयांची किंमत ते जाईपर्यंत कोणी नीट मांडलेली नव्हती.

दुसरे कारण पद्धतींच्या उलथापालथीचे आहे. कॉलेजचा खेळाडू चार-पाच वर्षे संघात राहतो आणि एका विशिष्ट खेळासाठी निवडला जातो. मुख्य प्रशिक्षक बदलला आणि त्याबरोबर आक्रमणाची पद्धतही बदलली की संघात असलेली दोन-तीन वर्षांची भरती अर्धी निरुपयोगी होते. नेब्रास्कात हे वीस वर्षांत अनेकदा झाले. त्यातच २०११ मध्ये विद्यापीठाने बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये प्रवेश केला. पैशाच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता असे मी मानतो, पण टेक्सासमधल्या मुलांना दरवर्षी घराजवळ खेळायला मिळण्याचे आमिष त्यामुळे संपले, आणि वीस लाखांच्या राज्याला बाहेरून खेळाडू आणल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरे कारण चाहत्यांशी संबंधित आहे आणि ते मी जपून मांडतो. चाहत्यांच्या दबावामुळेच सगळे बिघडले, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात २००३ मध्ये मोठा वर्ग सोलिच यांच्या बाजूने होता, पेलिनी यांच्या बाबतीत मत निम्मे-निम्मे विभागलेले होते, आणि प्रत्येक वेळी स्टेडियम भरलेलेच होते. निर्णय क्रीडा संचालकांनी घेतले. १९६२ पासून तिकिटे कधी उरली नाहीत, या निष्ठेचा एक परिणाम मात्र असा झाला की चुकीच्या नेमणुकीचा फटका तिकीटखिडकीवर कधी बसला नाही. २००७ मध्ये तर हंगाम सुरू होताना पेडरसन आणि कॅलहन या दोघांचेही करार नव्याने वाढवलेले होते.

मग सोलिच यांना काढणे चूक होते का? माझे उत्तर असे की २००३ मधली शंका रास्त होती आणि कृती चुकीची होती. वर जाणाऱ्या संघाला आणखी एक-दोन हंगाम देऊन, पेलिनी यांच्यासारखा वारस घरातच तयार करून, ऑप्शनमध्ये हळूहळू पासिंग मिसळता आले असते. तसे केल्याने टेक्सास आणि ओक्लाहोमाची बरोबरी झाली असती असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेली बाहेरची कारणे कोणालाही जड गेली असती. पण बाराव्या मजल्यावरून नवव्यावर येणे आणि थेट तळघरात जाणे यांत फरक आहे.

सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी २००५ ते २०२० असे सोळा हंगाम काम केले आणि ११५ सामने जिंकून ओहायोच्या कॉन्फरन्सच्या इतिहासातले सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षक ठरले. नेब्रास्काने नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅट रूल यांना आठ वर्षांसाठी नेमले. त्यांचा पहिला हंगाम सुरू होण्याआधी, एप्रिल २०२३ मधल्या वसंत ऋतूतल्या सराव सामन्याच्या दिवशी, सोलिच जवळजवळ वीस वर्षांनी मेमोरियल स्टेडियममध्ये आले आणि तिथे त्यांचा सन्मान झाला. माझे ते वयस्क सहकारी आता निवृत्त आहेत. त्या दिवशी ते नातवाला घेऊन गेले होते. नातवाने विचारले, हे कोण, आणि त्यांना ५८-१९ पासून सुरुवात करावी लागली.

२८ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये नेब्रास्काने बॉस्टन कॉलेजला २०-१५ असे हरवले. आठ वर्षांत हा संघ प्रथमच बोल सामना खेळत होता. हंगामाची नोंद सात विजय आणि सहा पराभव अशी झाली, आणि लिंकनमध्ये लोकांनी तो सातवा विजय मनापासून साजरा केला. २००२ मध्येही या संघाने सातच सामने जिंकले होते.